गाव नुसत्या कष्टांवर उभं राहत नाही

अमेरिकेत स्थलांतरितांचा वाद पेटला की दोन्ही बाजूंना मिडवेस्टमधली जुनी गावं आठवतात. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा इथली स्विस, जर्मन, नॉर्वेजियन, डच लोकांनी वसवलेली गावं. एक बाजू म्हणते, ती माणसं कायद्यानं आली, रिकाम्या हातांनी आली, कुणापुढे हात न पसरता राबली, इंग्रजी शिकली आणि पिढीभरात मिसळून गेली. मग आजच्यांना हे का जमू नये? दुसरी बाजू म्हणते, हा देशच स्थलांतरितांनी रिकाम्या माळावर उभा केला, त्यामुळे आज दार लावायचा हक्क कुणालाच नाही. शिकागो, मॅडिसन, मिनियापोलिस इथे आपलीही माणसं आहेत, म्हणून हा वाद मराठी घरांतही होतो, आणि तिथेही पहिल्या बाजूचं वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. माझं म्हणणं असं आहे की ज्या गावांचा दाखला दिला जातो ती उभी कशी राहिली, हे दोन्ही बाजू पाहतच नाहीत. त्या गावांमागे सामाईक पैसा होता, सरकारनं दुसऱ्यांकडून काढून घेतलेली स्वस्त जमीन होती, आपली भाषा टिकवायची मोकळीक होती आणि अडचणीच्या वेळी पाठीशी उभं राहणारं राज्य होतं. कष्ट खरे होते, पण कष्ट तर ज्यांची गावं बुडाली त्यांनीही केले. जुन्या वसाहतकारांना मोजपट्टी करायचं असेल, तर या चार गोष्टीही त्याच मापात धराव्या लागतील.

एक गाव नीट पाहू. विस्कॉन्सिनच्या दक्षिणेला ग्रीन काउंटीत न्यू ग्लारस आहे. आजची वस्ती सव्वादोन हजारांच्या आसपास. स्वित्झर्लंडच्या ग्लारस या डोंगराळ कॅंटनमधल्या (म्हणजे प्रांतातल्या) लोकांनी ते १८४५ मध्ये वसवलं. ग्लारस म्हणजे उंच कड्यांमधली चिंचोळी खोरी. शेतजमीन मूठभर, पोट चालायचं ते हातमागावर. यंत्रमाग आले तशी विणकरांची मजुरी घसरली, त्यात पिकं बुडाली, आणि गावोगावच्या धर्मादाय निधीवर ताण येऊ लागला. तेव्हा तिथल्या गावसभांनी एकत्र येऊन स्थलांतर संस्था काढली आणि सामाईक निधीतून पैसा उभा केला. एखाद्या कुटुंबानं भांडीकुंडी विकून अंदाजपंचे जहाज पकडावं, असा हा प्रकार नव्हता. मार्च १८४५ मध्ये संस्थेनं निकोलस ड्युर्स्ट हे न्यायाधीश आणि फ्रिडोलिन स्ट्राइफ हा लोहार अशा दोघांना जागा शोधायला पुढे पाठवलं. हवामान आणि जमीन मायदेशाच्या जवळची हवी, गुरं पाळता यावीत, अशा सूचना सोबत होत्या. न्यायाधीश आणि लोहार ही जोडी विचार करूनच निवडलेली दिसते: एकाला कागद कळतो, दुसऱ्याला हत्यार. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसूरी, आयोवा असं हिंडून जुलैमध्ये त्यांनी लिटल शुगर नदीकाठची जागा पक्की केली. १,२०० एकर शेतीची आणि वेगळी ८० एकर लाकडाची जमीन, एकराला सव्वा डॉलर, एकूण १,६०० डॉलर. लाकडाचे ८० एकर वेगळे घेण्यात मोठं शहाणपण होतं. प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ माळावर, गवत छातीएवढं असतं, पण झोपडीला वासे, कुंपणाला खांब आणि हिवाळ्याला जळण त्यातून मिळत नाही. ज्यांनी हे ध्यानात घेतलं नाही, त्यांना पुढे मैलोन्‌मैल लाकूड ओढून आणावं लागलं.

योजनेत चुकाही झाल्या. जागा सापडल्याचं पत्र यायच्या आधीच, १६ एप्रिलला, १९३ माणसं ग्लारसहून निघाली. कालव्यानं आणि ऱ्हाइन नदीनं हॉलंड, तिथून ४९ दिवसांचा समुद्रप्रवास करून बाल्टिमोर, मग कालवा आणि रेल्वेनं पिट्सबर्ग, ओहायो आणि मिसिसिपी नद्यांनी सेंट लुइस. तिथे पोचल्यावर पुढे गेलेल्या दोघांचा पत्ताच लागेना. ते मेल्याची आवई उठली. आणखी दोघांना शोधायला धाडावं लागलं. १५ ऑगस्टला मुख्य जथा वसाहतीच्या जागी पोचला, तेव्हा निघालेल्या १९३ पैकी १०८ जण उरले होते. काही वाटेत गेले, काही वाटेतच कुठे कुठे थांबले. ऑगस्टच्या मध्यावर पेरणीचा हंगाम गेलेला असतो. म्हणजे पहिला अख्खा हिवाळा विकतच्या पिठावर काढायचा. ते पीठ आलं सामाईक तिजोरीतून. ज्या गटाकडे अशी तिजोरी नसेल त्यानं हीच चूक केली असती, तर काय झालं असतं? वसाहत पहिल्या वसंतापर्यंतही पोचली नसती.

दुसरी चूक जमिनीच्या मापाची. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला २० एकर दिले. ग्लारसच्या हिशेबानं २० एकर म्हणजे मोठा जमीनदार. इथे सरकार विकत होतं तो सर्वांत छोटा तुकडाच ४० एकरांचा. २० एकरांत धान्य, गवत आणि गुरांचं चराऊ रान काही बसेना. पण ही चूक भरून काढता आली, कारण आजूबाजूची सरकारी जमीन अजून त्याच सव्वा डॉलरनं मिळत होती. चार हंगाम मजुरी केली, जवळच्या शिशाच्या खाणींत राबलं, की शेजारचा चाळीस एकरांचा तुकडा घेता येई. चूक करूनही सावरायला वाव असणं, हीच त्या काळाची सर्वांत मोठी सवलत होती, आणि तिचा उल्लेख कुणी करत नाही.

ती जमीन इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी मोजलेली कुठून आली? अमेरिकी संसदेनं १७८५ मध्येच मोजणीची पद्धत ठरवली होती: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि सोळावा भाग शाळेसाठी राखीव. म्हणजे शाळेची तरतूद माणसं यायच्या आधीच नकाशावर झालेली. मोजणीदार आले, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, झाडांवर खुणा केल्या आणि नकाशे मिनरल पॉइंटच्या जमीन कचेरीत लावले. विकत घेणाऱ्याला हद्दीचा तंटा नव्हता, भाऊबंदकी नव्हती. कोरा उतारा मिळत होता.

तो कोरा होता, कारण आधीची नावं पुसली होती. हा मुलूख हो-चंक या मूळ अमेरिकी जमातीचा. १८२९ आणि १८३२ च्या करारांनी त्यांची दक्षिण विस्कॉन्सिनमधली जमीन गेली. १८३७ मध्ये वॉशिंग्टनला गेलेल्या त्यांच्या शिष्टमंडळाकडून मिसिसिपीच्या पूर्वेची उरलीसुरली जमीनही लिहून घेतली गेली. निघून जायला आठ वर्षं मिळतील असं त्यांना वाटलं होतं. कागदावर होते आठ महिने. नंतर त्यांना आयोवा, मिनेसोटा, क्रो क्रीक, नेब्रास्का असं हलवत राहिले आणि ते पुन्हा पुन्हा पायी परत येत राहिले. १८७४ पर्यंत त्यांना लष्कर पाठवून बाहेर काढलं जात होतं. म्हणजे न्यू ग्लारसची मुलं त्या सोळाव्या भागाच्या पैशांवर चाललेल्या शाळेत जात होती त्याच काळात. त्यामुळे ‘रिकाम्या माळावर देश उभा केला’ म्हणणाऱ्या उदारमतवाद्यांनाही मला विचारावंसं वाटतं: रिकामा कुणी केला? स्विस विणकरानं बंदूक घेऊन कुणाला हाकललं नाही, हे खरं. पण त्यानं विकत घेतलेला प्रत्येक एकर आधी सरकारनं कुणाकडून तरी काढून घेतलेला होता, आणि म्हणूनच तो सव्वा डॉलरला पडला.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो मी मान्य करतो. जमीन स्वस्त असली तरी ती कसली कुणी? प्रेअरीची पहिली नांगरट म्हणजे काय, हे शेतकरी वाचकाला लगेच कळेल. शतकानुशतकं वाढलेल्या गवताच्या मुळांचा वीतभर जाड थर, दोरखंड विणल्यासारखा. तो फोडायला खास नांगर लागायचा आणि बैलांच्या तीन ते सहा जोड्या. न्यू ग्लारसच्या लोकांकडे पहिल्या वसंतात बैल जवळजवळ नव्हतेच. त्यांनी कुदळ-फावड्यानं जमीन उलटली. ज्यांचे हात आयुष्यभर मागावर चालले, त्यांनी. या श्रमाला कमी लेखणं कृतघ्नपणाचं होईल.

पण प्रश्न कष्ट केले का हा नसून, कष्टांचं गाव कशामुळे झालं हा आहे. तो पारखायचा तर तितकेच कष्ट केलेली दुसरी माणसं घ्यावी लागतील. त्याच काळात स्वित्झर्लंडच्याच अनेक गावांनी आपली गरीब कुटुंबं ब्राझीलला पाठवली. साओ पाउलो प्रांतात सिनेटर व्हर्गेरो यांच्या इबिकाबा नावाच्या कॉफीच्या मळ्यावर ती वाट्यानं राबायला लागली. माणसं तीच, धर्म तोच, काटकसर तीच, गावसभेनं प्रवासाला दिलेली उचलही तशीच. फरक एकच: इथे जमीन मालकाची. प्रवासखर्च कर्ज म्हणून खात्यावर चढलेला, त्यावर व्याज, सामान मळ्याच्या दुकानातून, कॉफीचं वजन-माप मालकाच्या हाती. वर्षामागून वर्षं राबून कर्ज फिटेना. १८५६ च्या अखेरीस शिक्षक थोमास डावात्स यांच्या पुढाकारानं तिथे बंड झालं आणि स्विस सरकारला चौकशीसाठी माणूस पाठवावा लागला. स्विस माणूस जात्याच उद्यमी असतो म्हणून न्यू ग्लारस उभं राहिलं म्हणता, तर मग इबिकाबात तो उद्यम कुठे गेला?

दुसरा दाखला खुद्द मिडवेस्टच्या मैदानातला. कॅन्ससमधलं निकोडेमस १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी वसवलं. झाड नाही, लाकूड नाही, म्हणून ती कुटुंबं जमिनीत खोदलेल्या खोपटांत राहिली. बैल नव्हते, तेव्हा त्यांनीही हातानं जमीन उलटली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी दिलेल्या अन्नावर ती तगली. सामाईक तिजोरी नव्हती, मागे उभी असलेली गावसभा नव्हती. तरीही दहा वर्षांत दुकानं, चर्चं, शाळा, वर्तमानपत्रं उभी राहिली. मग १८८८ मध्ये रेल्वे नदीच्या पलीकडून गेली, दुकानदार उठून रुळांच्या कडेला गेले, आणि गाव ओसरत गेलं. न्यू ग्लारसला ब्रॉडहेडहून येणारा रेल्वेचा फाटा १८८७ मध्ये मिळाला होता. एका वर्षाच्या अंतरानं एका गावाला रूळ मिळाले आणि दुसऱ्याला नाहीत. यात कुणाचा आळस दाखवाल?

बरं, जमीन आणि रूळ मिळाले म्हणजे सगळं झालं, असंही नाही. न्यू ग्लारसचं पहिलं धोरण फसलंच होतं. इतरांसारखाच त्यांनीही गहू लावला. १८६० च्या सुमारास विस्कॉन्सिन गव्हाच्या उत्पादनात देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. पण वर्षानुवर्षं एकाच जमिनीत एकच पीक घेतलं तसा उतारा घटला, आणि त्यातच चिंच बग या ढेकणासारख्या रसशोषक किडीनं उभी शेतं पांढरी केली. अनेक शेजारी शेतं विकून पश्चिमेला गेले. न्यू ग्लारसची माणसं मात्र गाईंकडे वळली. १८६८ मध्ये निकोलस गर्बर यांनी तिथे काउंटीतला लिंबर्गर चीजचा पहिला कारखाना काढला आणि काही वर्षांत स्विस चीजही निघू लागलं.

हा बदल ‘एकट्याच्या हिकमतीवर’ का होऊ शकत नव्हता, हे तांत्रिक हिशेबातच दिसतं. स्विस चीजचं एक चाक दोनशे पौंडांच्या घरात जातं. दहा पौंड दुधाला साधारण एक पौंड चीज, म्हणजे एका चाकाला दोन हजार पौंड दूध, आणि तेही एकाच वेळी, एकाच तांब्याच्या प्रचंड कढईत. चाक छोटं केलं तर आतली आंबवण नीट होत नाही, भोकं पडत नाहीत आणि साल फुटते. त्या काळची बरी गाय दिवसाला वीसेक पौंड दूध देई. म्हणजे रोजच्या एका चाकाला शंभर गाई. एवढी गुरं एका घरात असणं शक्यच नव्हतं. दूध थंड ठेवायची सोय नसल्यानं ते सकाळ-संध्याकाळ कोमट असतानाच पोचवावं लागे, म्हणून घोडागाडीनं चटकन गाठता येईल अशा अंतरावर एकेक छोटा कारखाना. इमारत आणि कढई शेतकऱ्यांच्या सामाईक मालकीची, चीज करणारा कारागीर मालातल्या हिश्शावर ठेवलेला. उरलेली निवळी दूध घालणाऱ्यांच्या डुकरांना परत. लिंबर्गरला एवढं एकगठ्ठा दूध लागत नाही, म्हणून सुरुवात त्यानं झाली. पण त्याच्या लहान वड्या दमट तळघरात ठेवून दर थोड्या दिवसांनी मिठाच्या पाण्यानं हातानं पुसाव्या लागतात. पुसणं चुकलं की वरची लालसर जिवाणूंची साय धरत नाही आणि बुरशी चढते.

सामाईक कढईत एक दुखणं असतं, आणि ते महाराष्ट्रातल्या दूध घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: पाणी. दुधाचे पैसे वजनावर मिळत होते, तोवर पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा, दोघेही इमानदाराइतकेच पैसे उचलत. संशय वाढला की कारखाना मोडायचा. यावर उत्तर कुठल्या एका शेतकऱ्याच्या सचोटीतून निघालं नाही. ते सरकारी विद्यापीठातून निघालं. १८९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टीफन बॅबकॉक यांनी फॅट काढायची सोपी चाचणी जाहीर केली. लांब मानेच्या बाटलीत १७.६ मिलिलिटर दूध (म्हणजे १८ ग्रॅम) घ्यायचं, त्यात जवळजवळ तेवढंच तीव्र सल्फ्यूरिक आम्ल हळूहळू सोडायचं, घुसळायचं. आम्लानं प्रथिनं विरघळतात, मिश्रण कॉफीच्या रंगाचं आणि चटका बसेल इतकं गरम होतं. मग हातानं फिरवायच्या यंत्रात पाच मिनिटं गरगर फिरवायचं, मानेच्या बुडाशी येईल इतकं गरम पाणी घालून दोन मिनिटं, पुन्हा पाणी घालून आणखी एक मिनिट. फॅट पिवळ्या खांबासारखं मानेत चढतं आणि तिथल्या रेघांवर टक्के वाचता येतात. आम्ल जास्त कडक झालं तर फॅट करपून काळे कण दिसतात. कमजोर पडलं तर पांढरा चोथा अडकतो आणि आकडा खोटा येतो. शिकाऊ मुलगाही आठवड्यात हे शिकू शकत होता. बॅबकॉक यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. आपल्याकडच्या डेअऱ्यांत वर्षानुवर्षं चाललेली गर्बर पद्धत (हे गर्बर चीजवाल्या गर्बर यांच्याहून वेगळे) त्याच सुमाराची, तत्त्वही तेच. याच विद्यापीठानं १८९० मध्येच दुग्धव्यवसायाचा हिवाळी अभ्यासक्रम सुरू केला, शेतकऱ्याला कामातून मोकळीक असते त्या महिन्यांत. ‘सरकारकडून काही न घेता’ उभं राहिलेलं गाव म्हणतात ते हे?

आता भाषेकडे येऊ, कारण मिसळून जाण्याचा मुद्दा तिथेच येऊन टेकतो. विस्कॉन्सिनचं दूधक्षेत्र घडवण्यात ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं, ते विल्यम डेम्पस्टर होर्ड १८८९ मध्ये राज्याचे गव्हर्नर झाले. गव्हाच्या नादातून शेतकऱ्यांना बाहेर काढायला हा माणूस अनेक वर्षं गावोगाव बोलत फिरला होता. त्याच वर्षी बेनेट कायदा झाला: सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी वर्षातून निदान बारा आठवडे शाळेत जायचं, आणि जिथे वाचन, लेखन, गणित आणि अमेरिकेचा इतिहास इंग्रजीतून शिकवला जातो तीच शाळा धरली जाईल. वरवर पाहता यात वावगं काय? पण राज्यात शेकडो जर्मन आणि नॉर्वेजियन चर्चच्या शाळा होत्या. लुथरन आणि कॅथलिक, ज्यांचं एरवी एकमेकांशी पटत नसे, ते या कायद्याविरुद्ध एक झाले. १८९० च्या निवडणुकीत होर्ड पडले, जॉर्ज पेक निवडून आले, आणि १८९१ मध्ये कायदा रद्द झाला. ‘जुने लोक आल्या आल्या इंग्रजी शिकले’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्या जुन्या लोकांनी इंग्रजीच्या सक्तीवरून राज्यातलं सरकार बदललं होतं. १९१० च्या जनगणनेत हुस्टिसफोर्ड या विस्कॉन्सिनमधल्या जर्मन वस्तीत सुमारे चौथा हिस्सा लोकांनी आपल्याला इंग्रजी येत नसल्याचं नोंदवलं, आणि त्यातले बरेच जण अमेरिकेतच जन्मलेले होते. न्यू ग्लारसमध्येही स्विस-जर्मन बोली पिढ्यान्‌पिढ्या घरात, चर्चमध्ये आणि चीजच्या कारखान्यात चालत राहिली.

समान भाषेशिवाय लोकशाही चालत नाही, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. कोर्टात, मतदानात, दवाखान्यात एक समाईक भाषा लागते. पण विस्कॉन्सिनचा अनुभव सांगतो की ती भाषा आली ती बाजारातून, रेल्वेतून, सरकारी शाळेतून आणि लग्नांतून, सावकाश, आणि घरची भाषा न मोडता. कायद्याच्या दंडुक्यानं ती आली नाही. उलट कायदा आला तेव्हा माणसं अधिकच घट्ट झाली. शनिवार-रविवारी मुलांना मराठी शाळेत नेणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी आई-बापांना हे पटायला अवघड जाऊ नये. तरीही त्यांच्यातलेच काही जण स्पॅनिश बोलणाऱ्यांना ‘इथे आलात तर इंग्रजी बोला’ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कायद्यानं येणं? ग्लारसचे लोक बाल्टिमोरला उतरले तेव्हा मोडायला कायदाच नव्हता. व्हिसा नव्हता, कोटा नव्हता, रांग नव्हती. १८५२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यानं न्यूयॉर्कला आपला अधिकारी बसवला तो माणसं अडवायला नव्हे. जर्मन, नॉर्वेजियन, डच भाषांतली माहितीपत्रकं वाटून त्यांना आपल्या राज्याकडे वळवायला. १८४८ च्या राज्यघटनेनं तर नागरिक व्हायच्या आतच, तसा इरादा नोंदवलेल्या परदेशी गोऱ्या पुरुषाला वर्षभराच्या वास्तव्यावर मताचा अधिकार दिला. ‘गोऱ्या’ हा शब्द त्यात लिहिलेला आहे. १७९० च्या नागरिकत्व कायद्यातही तो होता, आणि त्याच शब्दावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयानं १९२३ मध्ये पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंड यांचं नागरिकत्व नाकारलं. त्याआधीच, १९१७ मध्ये, हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या पट्ट्याला बंदी झाली होती. १९६५ च्या कायद्यापर्यंत आपल्यासाठी रांग जवळजवळ नव्हतीच, कारण दारच बंद होतं. आज ग्रीन कार्डासाठी देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतीय इंजिनिअर वर्षानुवर्षं खोळंबतात. त्यांची तडफड खरी आहे. पण ‘जुने लोक रांगेत उभे राहिले’ या म्हणण्याला त्या तडफडीचाही आधार मिळत नाही.

यावर शहाणा विरोधक म्हणेल: असेल, पण आता सव्वा डॉलरची जमीन नाही, आणि आजचं राज्य शाळा, दवाखाने, पेन्शन देतं, अशा राज्याला किती जणांना घ्यायचं हे ठरवावंच लागेल. मला हे मान्य आहे. देशाला मर्यादा घालायचा अधिकार आहे आणि १८४५ चा मोकळा दरवाजा आज जशाच्या तसा उघडता येणार नाही. मात्र हे मान्य केलं की जुन्या गावाचा दाखलाही सोडावा लागतो. परिस्थिती वेगळी म्हणून सवलती नाहीत, पण अपेक्षा मात्र त्यांच्याइतक्याच, हे कसं चालेल?

याची कसोटी त्याच विस्कॉन्सिनमध्ये आज दिसते. ज्या धंद्यानं न्यू ग्लारसला तारलं त्या दुधाच्या धंद्यात आता गाई पिळायचं, गोठे धुवायचं, रात्रपाळीत वासरं काढायचं बरंचसं काम मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली माणसं करतात. शेतमजुरांसाठी असलेला एच-टू-ए व्हिसा फक्त हंगामी कामाला मिळतो. सफरचंदं तोडायला हंगाम असतो. गाय मात्र वर्षाचे ३६५ दिवस पिळावी लागते. त्यामुळे गोठ्यातल्या या कामासाठी कायदेशीर वाटच ठेवलेली नाही, आणि मग त्याच माणसाला विचारलं जातं, तू कायद्यानं का नाही आलास? २००७ पासून विस्कॉन्सिनमध्ये कायदेशीर कागद दाखवल्याशिवाय वाहनपरवानाही मिळत नाही. जवळचं गाव दहा मैलांवर, बस नाही, पहाटे चारला पाळी. १८४८ मध्ये ज्या राज्यानं नुकत्याच उतरलेल्या स्विस माणसाला मत दिलं, तेच राज्य आज तिथल्या गाई पिळणाऱ्याला गाडी चालवू देत नाही.

त्यामुळे दोन्ही बाजूंनी जुन्या गावांच्या तसबिरी बाजूला ठेवून ठोस गोष्टींवर भांडावं, असं मला वाटतं. वर्षभर चालणाऱ्या शेतीकामासाठी व्हिसा असावा का, आणि तो एकाच मालकाला बांधलेला असावा की कामगाराला मालक बदलता यावा? इबिकाबाचा अनुभव सांगतो की बांधलेला व्हिसा हे कर्जाच्या खात्याचंच नवं रूप ठरेल. वाहनपरवाना राज्याच्या हातात आहे. त्याला वॉशिंग्टनची वाट पाहावी लागत नाही. हिवाळी अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या विद्यापीठाच्या राज्यात पाळी संपल्यावर जाता येईल असे इंग्रजीचे वर्ग गोठ्याजवळच्या शाळांत भरवायला किती खर्च येईल? आणि दहा-पंधरा वर्षं राबलेल्या कुटुंबाला जागा घेण्याएवढं स्थैर्य द्यायचं की नाही? न्यू ग्लारसच्या माणसांना हे सगळं, त्या त्या काळाच्या रूपात, मिळालं होतं. आजच्यांना ते द्यायचं नसेल तर तसं सरळ सांगावं आणि कारणंही आजचीच द्यावीत.